लहान मुलांसोबत गाडीचा लांबचा प्रवास: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दोन मुलांना तान्हेपणापासून गाडीतून लांब लांब नेताना जे शिकले ते इथे एकत्र लिहिते आहे. मित्रमैत्रिणी, शेजारी, नव्यानेच आईबाबा झालेली भाचवंडं पुन्हा पुन्हा तेच प्रश्न विचारतात, म्हणून प्रश्नोत्तरांच्या रूपात. एक गोष्ट मात्र सगळ्यात आधी सांगते. 'प्रवासात मूल फार त्रास देतं' असं आपण म्हणतो, तेव्हा बहुतेक वेळा त्या मुलालाच कसला तरी त्रास होत असतो. तो कसला हे शोधलं की निम्मा प्रवास सोपा होतो. पुढच्या जवळजवळ सगळ्या उत्तरांच्या मुळाशी एवढंच आहे.

बाळ किती महिन्यांचं झालं की लांबच्या प्रवासाला न्यावं?

ठरावीक महिना नाही. दवाखान्यातून घरी येतानाच बाळाचा पहिला गाडीप्रवास होतो, त्यामुळे छोट्या अंतराचा प्रश्नच नसतो. लांबच्या प्रवासाबद्दल मात्र पहिले काही आठवडे हात आखडता घ्यावा असं मला मनापासून वाटतं. तान्ह्या बाळाची मान कच्ची असते आणि डोकं शरीराच्या मानाने जड. कार सीटमध्ये, म्हणजे गाडीच्या सीटवर बांधायच्या बाळाच्या वेगळ्या पट्टेवाल्या खुर्चीत (पुढे बाळाची 'सीट' म्हणते ती हीच), बाळ अर्धवट बसलेल्या स्थितीत असतं. फार वेळ तसंच राहिलं की हनुवटी छातीला टेकते आणि श्वासाची वाट अरुंद होते. म्हणून अगदी नवजात बाळाला एका वेळी अर्ध्या तासाच्या आसपासच सीटमध्ये ठेवावं, आणि थोडं मोठं झालं तरी सलग दोन तासांपेक्षा जास्त नको. मध्ये थांबून बाहेर काढा, आडवं झोपवा, हातपाय झाडू द्या. बाळ दिवसांआधी जन्मलेलं असेल किंवा वजन कमी असेल, तर निघण्याआधी डॉक्टरांशी बोला. अशी काही बाळं सीटमध्ये बसल्यावर श्वास नीट घेतात की नाही हे दवाखान्यातून सोडण्यापूर्वी मुद्दाम तपासलं जातं.

माझ्या मांडीवर बाळ शांत असतं. मागच्या सीटवर बसून मीच घट्ट धरलं तर काय बिघडलं?

हा प्रश्न प्रेमापोटी येतो, म्हणून उत्तर सविस्तर देते. गाडीचा वेग ताशी ५० किलोमीटर आहे आणि समोर काही आडवं आल्यामुळे ती अर्ध्या मीटरच्या आत थांबली असं समजा. त्या क्षणी १० किलोच्या मुलाला धरून ठेवायला साधारण २०० किलोचं ओझं पेलण्याएवढी ताकद लागते. ही ताकद कुठल्याच आईच्या हातात नसते, माया कितीही असली तरी. मूल हातातून सुटतं. तुम्ही स्वतः पट्टा लावलेला नसेल तर तुमचंच वजन त्याच्यावर जाऊन आदळतं. एकच पट्टा दोघांभोवती गुंडाळणं तर आणखी वाईट, कारण मग मूल तुमचं अंग आणि पट्टा यांच्या मध्ये चिरडलं जातं.

मांडीवर शांत राहणारं बाळ सीटमध्येही शांत राहायला शिकतं, फक्त सवय आधी करावी लागते. आम्ही धाकट्याची सीट गाडीत बसवण्याआधी आठवडाभर घरात, जमिनीवर ठेवली होती. रोज पाच-दहा मिनिटं त्यात बसवून, आम्ही समोर बसून गाणी म्हणायचो. मग पहिल्या दिवशी गाडीत बसवलं तेव्हा ती त्याच्या ओळखीची जागा होती.

बाळाचं तोंड मागे का करायचं? बिचाऱ्याला काही दिसत नाही.

त्याला मागची काच दिसते, बाजूची खिडकी दिसते, आणि त्या वयात तेवढं पुष्कळ असतं. कारण असं की सगळ्यात जोराची टक्कर सहसा समोरून होते. बाळाचं तोंड मागे असेल तर तो धक्का सीटच्या पाठीवर पसरतो आणि डोकं, मान, पाठ एकत्र सावरली जातात. तोंड पुढे असेल तर धड पट्ट्याने अडतं आणि जड डोकं एकटंच पुढे फेकलं जातं. सगळा ताण त्या कोवळ्या मानेवर येतो.

ही कल्पना जुनी आहे. स्वीडनमधले डॉक्टर बर्टिल आल्डमन यांनी १९६४ साली उलट्या तोंडाच्या सीटचा पहिला नमुना केला. अमेरिकेच्या जेमिनी यानातले अंतराळवीर उड्डाणाच्या वेळी पाठीवर रेलून बसतात आणि त्यांचा भार पाठभर विभागला जातो, हे पाहून त्यांना ती सुचली. आज संयुक्त राष्ट्रांच्या आर १२९ या नियमानुसार बनलेल्या सीटमध्ये बाळ किमान १५ महिन्यांचं होईपर्यंत तोंड मागेच ठेवावं लागतं. मी म्हणेन, १५ महिने ही खालची मर्यादा समजा. तुमच्या सीटवर लिहिलेल्या उंचीत आणि वजनात मूल बसतंय तोवर मागेच तोंड राहू द्या. पाय दुमडलेले दिसतात म्हणून आजीआजोबांचा जीव कळवळतो, पण मुलं घरीही मांडी घालून, पाय वर घेऊन तासन्‌तास बसतातच. त्यांना ते अवघडल्यासारखं वाटत नाही.

एक सूचना मात्र कधीही मोडू नका: पुढच्या सीटसमोरची एअरबॅग चालू असेल तर तिथे उलट्या तोंडाची सीट लावायची नाही. एअरबॅग उघडते तेव्हा ती थेट बाळाच्या डोक्यामागे आदळते.

सीट नीट बसली आहे हे कसं ओळखायचं?

गाडीचा पट्टा किंवा आयसोफिक्सचा (पट्ट्याऐवजी गाडीतच बसवलेल्या कड्यांना सीट अडकवायची सोय) हूक जिथून जातो तिथे सीट धरा आणि डावी-उजवीकडे, पुढे-मागे हलवून बघा. अडीच सेंटिमीटरपेक्षा जास्त हलली तर ती सैल आहे. सीटवर गुडघा टेकवून, वजन देऊन पट्टा ओढला की घट्ट बसते.

मग मुलाचा पट्टा. तो खांद्यावर चिमटीत पकडून बघा. चिमटीत पट्ट्याची घडी आली तर आणखी आवळा. चिमूट नुसतीच घसरली तर बरोबर. तोंड मागे असेल तर पट्टा खांद्याच्या पातळीत किंवा किंचित खालून यावा, तोंड पुढे असेल तर खांद्याच्या पातळीत किंवा वरून. छातीवर क्लिप असेल तर ती काखेच्या रेषेत हवी, पोटावर नको. आणि पट्टा कुठेही पिळलेला नसावा.

थंडीत जाड जाकीट घालून पट्टा लावू नका. बाहेरून घट्ट वाटतो, पण धक्का बसला की जाकिटातली हवा निघून जाते आणि आत मूल सैल. पातळ कपड्यांवर पट्टा आवळायचा आणि वरून पांघरूण घालायचं, हे सरळ.

जुनी सीट कुणाकडून घेणार असाल तर तिचा इतिहास माहीत असलेल्याकडूनच घ्या. अपघातातून गेलेली सीट बाहेरून धडधाकट दिसली तरी वापरू नये. सीटवर वापराची मुदत छापलेली असते, तीही बघा.

निघायला कुठली वेळ चांगली?

बरेच जण रात्री निघतात, मुलं झोपतात म्हणून. मुलं झोपतात हे खरं, पण झोप चालवणाऱ्यालाही येते. पहाटेच्या आधीचे दोन-तीन तास तर फार वाईट. दिवसभर काम करून रात्री गाडी काढणं मला पटत नाही, दुसरा माणूस चालवायला असेल आणि तो खरोखर झोप काढून आलेला असेल तर गोष्ट वेगळी.

आमची आवडती वेळ म्हणजे उजाडता उजाडता. मुलं अर्धवट झोपेत सीटमध्ये जातात, तासभर आणखी झोपतात आणि ऊन चढेपर्यंत बरंच अंतर कापून झालेलं असतं. दुपारी निघायचं असेल तर जेवण आणि पळापळ उरकून, रोजच्या झोपेच्या वेळेच्या थोडं आधी निघा. भुकेलेलं, किंवा नुकतंच झोपेतून उठून ताजंतवानं झालेलं मूल तीन तास बांधून ठेवायचं म्हणजे दोघांनाही शिक्षा.

पोचायला किती वेळ धरावा?

नकाशावर दिसतो त्याच्या दीडपट. बरोबर तान्हं बाळ असेल तर दुप्पट धरलात तरी चूक नाही. आणि ही वाढ मनापासून धरा. प्रवासात घरातली भांडणं कशामुळे होतात ते आठवून पाहा. मूल रडतं म्हणून होत नाहीत, 'चारच्या आत पोचायचंच' हे डोक्यात असतं आणि मूल रडतं, म्हणून होतात. समोरच्यांना फोन करून 'संध्याकाळपर्यंत येतो' एवढंच सांगा, घड्याळातली वेळ देऊ नका. त्या एका वाक्याने आमच्या घरातल्या प्रवासांचा सूर बदलला.

दर दोन तासांनी पंधरा-वीस मिनिटं थांबणं हे मुलांसाठी आहेच, चालवणाऱ्यासाठीही आहे. थांबल्यावर मुलांना बाकावर बसवून ठेवू नका. पळू दे, उड्या मारू दे, जिने चढू-उतरू दे. डिकीत एक चेंडू ठेवा. पंधरा मिनिटं चेंडू खेळलेलं मूल पुढचा दीड तास निवांत बसतं.

बाळ रडायचं थांबतच नाही. काय करावं?

सगळ्यात आधी: चालत्या गाडीत त्याला सीटमधून काढायचं नाही, आणि चालवणाऱ्याने मागे वळून बघायचं नाही. ताशी ८० किलोमीटर वेगात दोन सेकंद नजर हटली तर गाडी ४४ मीटर न बघता गेलेली असते. रडणं कानाला फार लागतं, आईच्या तर काळजालाच, पण रडणारं बाळ पट्ट्यात सुरक्षित असतं. सुरक्षित जागा बघून गाडी थांबवा. रस्त्याच्या कडेच्या पट्टीवर मात्र थांबू नका, पुढच्या विश्रांतीच्या ठिकाणापर्यंत जा.

थांबल्यावर अंगावरून हात फिरवत एकेक गोष्ट तपासा. भूक, डायपर, ढेकर हे सगळ्यांना सुचतं. त्यापलीकडचं सुचत नाही. मोठी मुलगी आठ महिन्यांची असताना एकदा पाऊण तास रडत होती. दूध झालं, डायपर बदलला, गाणी संपली. शेवटी गाडी थांबवून तिला पूर्ण बाहेर काढलं तेव्हा दिसलं: झबल्याची घडी बकलखाली अडकून मांडीच्या आत रुतली होती, तिथे नखाएवढा लाल वळ. घडी सरळ करून परत बसवली आणि दोन मिनिटांत ती झोपली. तेव्हापासून मी बसवतानाच पाठीमागून, मांड्यांखालून हात फिरवते. कपड्याची शिवण, सॉक्सचा घट्ट काठ, उन्हात तापलेलं बकल, डोळ्यांवर येणारी तिरीप, एसीचा सरळ अंगावर येणारा झोत, ही कारणं कितीतरी वेळा निघतात. मानेमागे हात लावून बघा. मान घामेजलेली असेल तर बाळाला उकडतं आहे. एक थर कमी करा.

सगळं ठीक असूनही रडत असेल तर शेजारी जाऊन बसा. बाळाला माणूस दिसायला हवा. हात धरा, एकच अंगाई त्याच संथ लयीत पुन्हा पुन्हा म्हणा. आवाज बदलत राहिलात, खेळण्यांमागून खेळणी दाखवत गेलात की बाळ आणखी बिथरतं.

मुलाला गाडी लागते. उपाय काय?

याला सगळ्यात जास्त जागा देते, कारण गाडी लागणाऱ्या मुलाचे हाल मी जवळून पाहिले आहेत.

आधी कारण. आपल्या आतल्या कानात तोल सांभाळणारा अवयव असतो. गाडी वळली, थांबली, वेग घेतला की तो मेंदूला कळवतो, 'आपण हलतो आहोत'. मूल त्याच वेळी खाली मान घालून पुस्तक बघत असेल, किंवा बुटकं असल्यामुळे त्याला समोरच्या सीटची पाठच दिसत असेल, तर डोळे कळवतात, 'सगळं जागच्या जागी आहे'. दोन्ही निरोप जुळत नाहीत आणि मळमळायला लागतं. दोन वर्षांखालच्या मुलांना हा त्रास क्वचितच होतो. दोन ते बारा या वयात सर्वांत जास्त, आणि बहुतेकांचा पुढे कमी होत जातो.

मग उपाय हाच की डोळ्यांना हालचाल दिसू द्यायची. मुलाला समोरचा रस्ता आणि दूरचं काही दिसेल अशा जागी बसवा. मागच्या सीटवर मधली जागा बऱ्याचदा उपयोगी पडते, तिथे त्याची सीट नीट बसत असेल तर. दूरचा डोंगर, दूरचा ढग बघायला सांगा. पुस्तक, मोबाईल, चित्र काढणं घाटात पूर्ण बंद. खिडकी थोडी उघडून वारा येऊ द्या. गाडीतलं सुगंधी द्रव्य काढून टाका, उग्र वासाने मळमळ वाढते. निघताना पोट तुडुंब भरलेलं नको आणि रिकामंही नको. हलकं, कोरडं काहीतरी खाऊन निघावं, तेलकट टाळावं. आणि चालवणाऱ्याने वळणं सावकाश घ्यावीत, ब्रेक अलगद लावावा. निम्मी औषधं त्याच्या पायात असतात.

उलटी होण्याआधी खुणा दिसतात, त्या शिका. बडबडं मूल एकदम गप्प होतं. जांभया देतं. ओठांभोवतीची कातडी पांढुरकी पडते, कपाळावर गार घाम येतो. आमचा धाकटा साडेचार वर्षांचा असताना म्हणायचा, "आई, तोंडात पाणी येतंय." पहिल्यांदा मी त्याला गिळायला सांगितलं आणि अर्ध्या मिनिटात सगळं अंगावर. तोंडात लाळ सुटणं हीच शेवटची घंटा असते. त्यानंतर ते वाक्य आलं की आम्ही ताबडतोब जागा शोधून थांबायचो. तो खाली उतरून चार पावलं चालायचा, कपाळावर ओला रुमाल ठेवायचा, आणि दहापैकी सात-आठ वेळा उलटी टळायची.

तरीही तयारी हवीच: तोंड बंद करता येईल अशा पिशव्या हाताशी, कपड्यांचा एक जोड, ओला रुमाल, पाणी. उलटी झाली तर मुलाला रागावू नका. ते आधीच घाबरलेलं असतं. 'झालं ना, आता बरं वाटेल' एवढं म्हणा आणि घोट घोट पाणी द्या.

औषधं मिळतात, पण वयाप्रमाणे ती बदलतात आणि काही दोन वर्षांखालच्या मुलांना अजिबात देता येत नाहीत. म्हणून डॉक्टरांना विचारूनच, आणि आधी घरी देऊन बघून. मूल झोपावं म्हणून सर्दीचं किंवा ॲलर्जीचं औषध देणाऱ्यांना मी हात जोडून सांगते, ते करू नका. झोपेऐवजी मूल चिडचिडं होतं, कधी श्वासावर परिणाम होतो.

मोबाईल किंवा टॅब द्यावा का?

गाडी न लागणाऱ्या मुलाला, सरळ रस्त्यावर, शेवटच्या कंटाळवाण्या तासाला द्यायला माझी हरकत नाही. सुरुवातीलाच दिलात तर नंतर हातात काहीच शिल्लक राहत नाही. पडदा मुलाच्या डोळ्यांच्या पातळीला, पुढच्या सीटच्या पाठीला पक्का बांधलेला असावा. मांडीवर ठेवला की मान खाली जाते आणि जोरात ब्रेक लागला की तोच उडतो. ऐकायच्या गोष्टी त्याहून कितीतरी बऱ्या. डोळे खिडकीबाहेर राहतात आणि सगळं घर एकच गोष्ट ऐकतं.

वाटेत खायला काय द्यावं?

चालत्या गाडीत लहान मुलाला घास देऊ नका, असंच मी म्हणेन. ठसका लागला तर चालवणाऱ्याला कळत नाही, आणि गाडी थांबवून पट्टा सोडवेपर्यंत वेळ जातो. चार वर्षांखालच्या मुलांना अख्खे दाणे, अख्खी द्राक्षं, टणक गोळ्या तर कुठेच नकोत. थांबल्यावर, बसून, शांतपणे खाऊ द्या. एक वर्षाखालच्या बाळाला मध चाटवू नका, खोकल्यासाठीसुद्धा नाही. पाणी मात्र मोठ्या मुलांना थोडं थोडं देत राहा. सहा महिन्यांखालच्या बाळाला पाण्याची गरज नसते, उन्हाळ्यात दूधच जास्त वेळा पाजा.

तान्ह्या बाळाच्या दुधाचं काय?

अंगावर पाजणाऱ्या आईने गाडी थांबल्यावरच बाळाला सीटमधून काढून घ्यावं. पट्ट्यातल्या बाळावर वाकून पाजण्याचा प्रयत्न दोघांसाठीही धोक्याचा. काढून ठेवलेलं दूध बर्फाच्या पॅकसह थर्मल पिशवीत २४ तासांपर्यंत टिकतं. पावडरचं दूध आधी कालवून नेऊ नका. फ्लास्कमध्ये उकळलेलं गरम पाणी आणि डबीत मोजलेली पावडर वेगवेगळी न्या, ऐन वेळी कालवा, कोमट झाल्यावर द्या. कालवल्यापासून दोन तासांत आणि बाळाने तोंड लावल्यापासून एका तासात संपलं नाही तर ओतून द्या.

पाच मिनिटांसाठी झोपलेल्या मुलाला गाडीत ठेवून गेलं तर?

नाही. दोन मिनिटांसाठीही नाही. बाहेर फक्त २२ अंश सेल्सिअस असताना, उन्हात उभ्या बंद गाडीत तासाभरात तापमान ४५ अंशांच्या वर गेल्याचं मोजलेलं आहे, आणि त्यातली बहुतेक वाढ पहिल्या अर्ध्या तासातच होते. काच बोटभर खाली ठेवून विशेष फरक पडत नाही. लहान मुलाचं शरीर मोठ्या माणसापेक्षा तीन ते पाच पट वेगाने तापतं. असे अपघात बेफिकीर आईबापांकडूनच होतात असं नाही. रोजचा क्रम बदलला, मूल मागे गाढ झोपलं, आवाज नाही, आणि थकलेल्या डोक्याने 'मूल पाळणाघरात सोडलं' असं गृहीत धरलं, एवढ्याने होतं. म्हणून मुलाच्या शेजारी मागच्या सीटवर आपली पर्स, मोबाईल किंवा डाव्या पायातला बूट ठेवा. उतरताना मागचं दार उघडावंच लागतं.

भावंडं सारखी भांडतात.

मध्ये अंतर ठेवा. सीटांच्या मध्ये एक बॅग ठेवली तरी 'त्याचा हात माझ्याकडे आला' ही तक्रार निम्म्याने घटते. थांब्यागणिक जागा बदला, जिथे सीटा तशा बसतात तिथे. एकमेकांविरुद्धचे खेळ टाळून, दोघांनी मिळून आईबाबांना हरवायचे खेळ लावा: शब्दांच्या भेंड्या, समोरून येणाऱ्या गाड्यांच्या नंबरांची बेरीज, 'मी मनात काय धरलंय ओळखा'. भांडण हाताबाहेर गेलं तर ओरडू नका, गाडी बाजूला घेऊन शांत बसा. गाडी पुढे जात नाही म्हटल्यावर मुलं लवकर निवळतात.

'अजून किती वेळ?' याला काय उत्तर द्यायचं?

'दोन तास' हे उत्तर चार वर्षांच्या मुलासाठी रिकामं असतं. त्याला वेळ डोळ्यांनी दिसायला हवी. आम्ही पुढच्या दोन सीटांच्या पाठींमध्ये एक मऊ नाडी बांधतो आणि तिच्यावर कपडे वाळत घालायचे छोटे चिमटे अडकवतो, दर अर्ध्या तासाला एक. प्रवास पाच तासांचा, तर दहा चिमटे. अर्धा तास झाला की मोठ्यांपैकी एकजण एक चिमटा काढून मुलाच्या हातात देतो. मुलगी ते चिमटे फ्रॉकच्या काठाला लावत जायची. सातवा लागला की स्वतःच म्हणायची, "आता तीनच." त्यानंतर तो प्रश्न आमच्या गाडीत फारसा आला नाही.

मूल पट्ट्यातून हात बाहेर काढतं, बकल उघडतं.

साधारण दोन-अडीच वर्षांचं झालं की करतंच. दरवेळी एकच प्रतिक्रिया हवी: गाडी बाजूला, इंजिन बंद, 'पट्टा लागला की गाडी चालते'. चिडायचं नाही, हसायचंही नाही. कंटाळा येईल इतक्या वेळा हे करावं लागतं, पण एखाद्या वेळी 'जाऊ दे, जवळच आहे' म्हटलंत की सगळं पहिल्यापासून. मोठ्यांनी स्वतः पट्टा लावलेला हवा हे सांगायला नकोच. आणि पट्टा चिमटीच्या कसोटीएवढा घट्ट असेल तर हात सहसा निघतच नाही, तेही तपासा. चाइल्ड लॉक चालू ठेवा, काचांचं बटणही बंद.

नुकतंच डायपर सुटलंय. शू लागली तर?

निघताना आणि प्रत्येक थांब्यावर, लागलेली असो वा नसो, एकदा जाऊन यायचं. छोटं प्रवासी भांडं डिकीत वरच ठेवा. फक्त प्रवासापुरता डायपर घातला तर काही बिघडत नाही. सीटखाली जाड गादी किंवा प्लास्टिक मात्र घालू नका, त्याने पट्टा सैल राहतो.

हाताशी कुठलं सामान ठेवावं?

डिकीत खाली गेलेलं सामान प्रवासात नसल्यासारखंच. एका पिशवीत डायपर, वाइप्स, दुपटं, कपड्यांचा जोड (एक आईसाठीही), पाणी, उलटीच्या पिशव्या आणि मुलाची ती रोजची मऊ चिंधी किंवा भालू. खेळणी कापडी, मऊ. लाकडी गाडी, धातूची बाटली, जड पुस्तक मागच्या काचेजवळ ठेवू नका. जोरात ब्रेक लागला की ती थेट डोक्यावर येतात.

मोठं मूल पुढे बसायला कधी तयार होतं?

तेरा वर्षांपर्यंत मागेच बरं. बूस्टर, म्हणजे गाडीचा पट्टा योग्य जागी यावा म्हणून मुलाला उंच करणारी बैठक, साधारण १४५ सेंटिमीटर उंची होईपर्यंत लागतो, वय आठ असो की अकरा. पाहायचं असं: पाठ पूर्ण टेकली, गुडघे सीटच्या कडेवर वाकले, खालचा पट्टा पोटावर न येता मांड्यांच्या वर कमरेच्या हाडावर बसला, वरचा पट्टा मानेला न घासता खांद्याच्या मधून गेला, आणि सगळा प्रवास ते असंच बसू शकलं, तर बूस्टर काढा. वर्गातली इतर मुलं बूस्टरशिवाय बसतात म्हणून मूल रडेल. आमची मुलगीही रडली होती. तिला आरशासमोर बसवून पट्टा गळ्यावर कुठे येतो ते दाखवलं आणि बूस्टरवर बसल्यावर कुठे येतो ते दाखवलं. मग तिने आपणहून बूस्टर उचलून आणला.

पोचलो तेव्हा बाळ गाढ झोपलेलं. सीटसकट आत नेऊन तसंच झोपू द्यावं का?

मोह होतो, कारण इतक्या वेळाने झोपलेलं असतं. पण गाडीतून काढल्यावर सीटचा कोन बदलतो, जमिनीवर ती जास्त उभी राहते आणि हनुवटी छातीवर येते. वरून कुणी पट्टा सैल केला तर बाळ खाली घसरून तो गळ्याशी येऊ शकतो. म्हणून आत नेल्या नेल्या सपाट, घट्ट गादीवर, पाठीवर झोपवा. आधी अंथरूण तयार करायला एकाला पुढे पाठवा, खोलीत अंधार करा. मग बकल हळूच सोडा, एक हात मानेखाली, एक हात ढुंगणाखाली, आणि खाली ठेवल्यावरही दोन मिनिटं छातीवर तळवा तसाच राहू द्या. बहुतेक बाळं डोळे किलकिले करतात आणि पुन्हा झोपतात.